पोपटी साडी

मांढळच्या मंडईत
माहा नवरा बाई होते.
दिवाळी सरली का तिसऱ्या दिवशी,
भर दुपारपासून दिवा लागेपर्यंत
खडी गंमत चालते शाळेच्या मैदानात.
डोमाजीची ढोलकी, उरकुडाचा चोनका,
अन् मधात शालिक,
अठ्ठावन वर्साचा, एक गुडघा दुखनारा,
मिशी काल रातीच उतरवलेला.

लग्नाच्या वक्ती सांगतलं होतं, पोरगा पार्टीत हाये.
मले वाटलं, इलेक्शनच्या.
पहिल्या मंडईले समजलं.
माह्या भावानं त्या दिसापासून
चार वर्सं आमच्या घरचं पानी नाही पेलं.
आता पोरगा नागपुरात, हिंगण्याच्या कंपनीत.
फोनवर म्हनते, बाबा, पुरे करा.
बाबा म्हनते, आवाज येऊन नाही राहिला.

यंदा सातऱ्याच्या ठेकेदारानं
आम्हा चाळीस बायायले साडी देल्ली,
एकाच थानातली, पोपटी, काठाले जांभळी रेघ.
वर्सभर मिरचीचे देठ खुडले त्याची खुशी.
शालिक म्हने, "कौतिका, हे मले दे.
नवीकोरी हाये, उन्हात चमकन."
मी देल्ली. मीच नेसवली.
निऱ्या त्याले अजून जमत नाही,
पदर मात्र माह्यापेक्षा बरा घेते.

मंग झाली गंमतीतली गंमत.
शिंगाड्याच्या ढिगापाशी पोपटी,
जिलेबीच्या कढईपाशी पोपटी,
आकाशपाळन्यात वर गेलेली पोपटी
माय माय करून ओरडून राहिली,
अन् रिंगनात नाचनारीही पोपटी.
चाळिसातली एक मीच
जुन्या लुगड्यात, भिंतीपाशी.
पोट्टे म्हने, "अबे, सातऱ्यावरची मावशी उतरली!"
दहा-दहाच्या नोटा उडाल्या.
पलीकडे डीजेनं जमीन हालवली,
डोमाजीनं थाप सोडली नाही.

गवळन झाली. सवाल झाला.
समोरच्या पार्टीचा जवाबही झाला.
मंग शालिक खाली बसला.
बसता बसता तोंड वाकडं झालं,
लोकायले वाटलं नखरा,
मले माहीत, तो गुडघा होय.
समोर काहीच नाही, मोकळी माती,
अन् तो ढिगातून मिरच्या उचलू लागला.
देठ इकडे, मिरची तिकडे.
ढोलकी हळू झाली.
देठ इकडे, मिरची तिकडे.
बोटायवर फुंकर.
मंग डोळ्यात गेलं काहीतरी.
हातानं पुसाची सोय नाही,
तं दंड वर उचलून, मान आडवी करून,
पोलक्याच्या बाहीनं डोळा पुसला.
एकदा. थांबून, पुन्हा एकदा.

मानसं हसले.
बाया हसल्या नाही.
पाळन्यातली उतरली होती, ते चप्पल हातात धरून तशीच उभी.
यशोधरा माह्या कानापाशी म्हनली,
"अवो कौतिका, हे तं तू होय."

कितीकदा म्हनलं असन मी,
हा मानूस आरशाशिवाय काही पाहत नाही.
सातऱ्यावर डबा घेऊन येते,
फाटकाले सायकल टेकवते,
बिडी सरेपर्यंत उभा राहते अन् जाते.
मले वाटे, बिडीच पेत असन.

राती घुंगरं सोडली त्याची.
पाय गरम पान्यात टाकला.
खोप्यातल्या पिना मोजल्या, एक कमी.
तो इचारते, "जमला का डोळा पुसाचा?"
मी म्हनलं, "चुकलं तुहं.
मी डाव्या दंडानं पुसतो."
तो काही बोलला नाही,
बाहीवरचं काजळ साबनानं चोळत राहिला.

सोमवारी सातरा भरला.
चाळीस पोपटी, अन् त्यात मीही.
काठाले मैदानाची माती,
खांद्यापाशी पावडर, धुऊनही न गेलेली.
पहिल्याच पोत्यात डोळा झोंबला.
दंड वर गेला.
उजवा.
मी तशीच राहिली जराशी, दंड डोळ्यावर.
मंग फाटकाकडे पाह्यलं.
डब्याले अजून येळ होता.